गटविम्यात निवृत्तांनाही घ्या : नगरपरिषद कर्मचारी कॉलनीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव, कॉलनी संस्था
सर्व सभासदांना नमस्कार. कर्मचारी संघटनेकडे एका विमा कंपनीचा गट आरोग्य विम्याचा प्रस्ताव आला आहे. सेवेतील कर्मचारी, त्याची पत्नी किंवा पती आणि दोन अपत्ये यांना मिळून वर्षाला तीन लाखांचे संरक्षण मिळेल आणि हप्ता पगारातून कापला जाईल. रविवारच्या सभेत संघटना निर्णय घेणार आहे. आपल्या कॉलनीत सेवेतील आणि निवृत्त अशी दोन्ही घरे आहेत, म्हणून त्याआधी इथे मोकळेपणाने चर्चा व्हावी. आज ग्रुपवर केवळ याच विषयावर लिहावे, ही विनंती.

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
सचिव साहेब, प्रस्तावाची प्रत मी पूर्ण वाचली. हप्ता कमी आहे हे खरे, परंतु तो कमी का आहे हे आधी पाहिले पाहिजे. त्यात निवृत्त कर्मचारी नाहीत, कर्मचाऱ्यांचे आईवडील नाहीत, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी सभासदाचे संरक्षण संपेल असे एका ओळीत लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या वयात दवाखाना क्वचित लागतो त्या वयात विमा, आणि ज्या वयात तो हमखास लागतो त्या वयात काहीच नाही. आपला लिपिक ५८ व्या वर्षी आणि शिपाई किंवा सफाई कामगार ६० व्या वर्षी निवृत्त होतो. तोवर साखर, रक्तदाब, गुडघे यांपैकी काहीतरी मागे लागलेलेच असते, आणि नेमके तेव्हाच त्याला बाजारात जाऊन नवीन पॉलिसी शोधावी लागते. नव्या पॉलिसीत आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनीला तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ ठेवता येतो, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च मिळत नाही. १ एप्रिल २०२४ पूर्वी तो चार वर्षांपर्यंत होता. ती तीन वर्षे निवृत्त माणसाने कशाच्या भरवशावर काढायची, याचे उत्तर या प्रस्तावात नाही.

वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीवर विसंबून राहू नये, हेही मला सांगायचे आहे. ती सेवेत असेपर्यंतच मिळते, आणि कशी मिळते हे मी लेखा विभागात बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे. मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांच्या सहीची औषधांची यादी जोडून फाइल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पडताळणीला जाते, तिथून कमी केलेल्या रकमेसह परत येते, मग अंदाजपत्रकात तरतूद आहे का ते पाहिले जाते, आणि तोपर्यंत कर्मचाऱ्याने पतसंस्थेचे कर्ज काढून रुग्णालयाचे पैसे भरून टाकलेले असतात. म्हणून विमा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी हरकत निवृत्तांना वगळण्याला आहे.

प्लॉट ४, पाणीपुरवठा विभाग
काकू, तुमचे म्हणणे पटते, तरी एक शंका विचारतो. निवृत्त मंडळी गटात आली की दावे वाढतील आणि पुढच्या वर्षी आम्हा सर्वांचा हप्ता वाढेल, असे विमा कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हाला सांगितले. माझे वय ३२ आहे, गृहकर्जाचा हप्ता सुरू आहे. आम्ही तरुणांनी हा भार का घ्यावा?

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
बाळा, प्रश्न अगदी योग्य आहे आणि प्रतिनिधीने सांगितलेलेही खरे आहे. गटविम्याचा करार एक वर्षाचा असतो. त्या वर्षी जमा झालेला हप्ता आणि दिलेले दावे यांचे प्रमाण पाहून कंपनी पुढच्या वर्षीचा दर मागते. मुंबई महानगरपालिकेने २०१५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी गटविमा सुरू केला होता. हप्त्याच्या रकमेवर कंपनीशी जुळले नाही आणि २०१७ मध्ये तो बंद पडला. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेची ही गत झाली, तर आपल्या लहानशा नगरपरिषदेने गटविमा कायमचा राहील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. दुसरीकडे पुणे महानगरपालिका विमा कंपनीऐवजी स्वतःची अंशदायी वैद्यकीय योजना चालवत आली. त्यात कर्मचारी दरमहा वर्गणी देतो, उपचाराच्या मान्य खर्चापैकी ९० टक्के रक्कम महापालिका उचलते आणि निवृत्तही त्यात असतात. तेवढी तिजोरी आपल्याकडे नाही, पण निवृत्तांना सोबत ठेवण्याचे तत्त्व तिथून घेता येईल.

आणि हे तत्त्व आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांसाठी सुगीला ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्य विमा चालवला. गावातली बहुसंख्य घरे सहभागी झाली तरच ते गाव योजनेत घेतले जाई. केवळ आजारी माणसाच्या घरानेच ज्वारी दिली असती तर कणगी पहिल्याच वर्षी रिकामी झाली असती. धडधाकट घराची पायली त्यात पडत होती म्हणून म्हाताऱ्याचे ऑपरेशन होत होते. पुढे तोच धडधाकट माणूस म्हातारा झाला तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी पायली त्याच्या कामी आली.

तुझा हप्ता वाढेल, हे मी लपवत नाही. किती वाढेल ते मात्र अंदाजाने ठरवू नये. कंपनीकडून दोन लेखी दर मागवावेत : एक केवळ सेवेतील कर्मचाऱ्यांचा आणि दुसरा निवृत्तांसह, त्यांच्या वयोगटानुसार. निवृत्तांनी स्वतःचा जास्तीचा हिस्सा निवृत्तिवेतनातून भरावा, याला आमच्यापैकी कोणाचीही ना नसेल. आम्हाला फुकट काही नको; एकट्याने गेल्यावर वयामुळे आणि आजारामुळे जे दार बंद होते ते गटामुळे उघडे राहावे, एवढीच मागणी आहे.

प्लॉट ४, पाणीपुरवठा विभाग
असे दोन दर मागवले तर माझी हरकत नाही. पण मग मी स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी की गटविमा पुरे?

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
परवडत असेल तर लहान का होईना, स्वतःची पॉलिसी आजच घे. तुला अजून कोणता आजार नाही, त्यामुळे प्रतीक्षा काळ अंगाला न लागता निघून जाईल. पाच वर्षे खंड न पडता पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय ‘माहिती लपवली’ म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी उठला आहे. गटविम्याच्या हप्त्यावर मात्र तो आजही आहे, हे दरांची तुलना करताना ध्यानात ठेव. मूळ पॉलिसी महाग वाटत असेल तर गटविम्याच्या तीन लाखांच्या वरच्या खर्चासाठी सुपर टॉप-अप स्वस्तात मिळते. साधे टॉप-अप घेऊ नकोस. त्यात दर वेळच्या भरतीचा खर्च सुटा मोजतात. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या सगळ्या भरतींची बेरीज धरतात. आपल्याकडे एकाच वर्षात घरातले दोघे दवाखान्यात पडले की हा फरक कळतो.

प्लॉट १९, निवृत्त मुख्याध्यापक, नगरपरिषद शाळा
ताई, माझे वय ७२ आहे आणि मी आयुष्मान वय वंदना कार्ड काढले आहे. पाच लाखांचे उपचार मोफत मिळणार असतील तर माझी जुनी पॉलिसी दरवर्षी एवढा हप्ता भरून चालू का ठेवावी, असे मुलगा विचारतो. सौभाग्यवतींचे वय ६६ आहे आणि त्याच पॉलिसीत त्यांचेही नाव आहे.

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
गुरुजी, पॉलिसी बंद करू नका. याची तीन कारणे मला दिसतात आणि पहिले सर्वांत महत्त्वाचे आहे.

वय वंदना कार्ड ७० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीपुरते आहे. उत्पन्नाची अट नाही आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळते, ही मोठी सोय आहे. पण तुमच्या घरच्या काकूंना ते आणखी चार वर्षे मिळणार नाही. आज पॉलिसी सोडली तर तुमच्यासोबत त्यांचेही संरक्षण जाईल, आणि ६६ व्या वर्षी साखरेसह नवी पॉलिसी घेतल्यास प्रतीक्षा काळ पहिल्या दिवसापासून मोजला जाईल. दुसरे, हे कार्ड योजनेशी संलग्न रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच चालते. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, वर्ध्याजवळचे सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूर इथपर्यंत जाण्याची तयारी ठेवावी लागते. रात्री छातीत दुखू लागले तर आपण जवळ जे उघडे असेल तिथे धावतो, आणि तिथे कार्ड चालेलच असे नाही. तिसरे, बाह्यरुग्ण विभागाचा आणि दर महिन्याच्या गोळ्यांचा खर्च कार्डात येत नाही. तो तुमच्या पॉलिसीतही बहुधा नसेल, त्यामुळे यासाठी घरातच वेगळी रक्कम बाजूला ठेवणे बरे.

काकूंसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांसाठी खुली झाली आणि कुटुंबाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली. शिधापत्रिका आणि आधारमधील नावाचे स्पेलिंग जुळते का, हे आजच तपासून घ्या. भरतीच्या वेळी खिडकीवर नावातल्या एका अक्षरासाठी अडवणूक झालेली मी पाहिली आहे, आणि रुग्ण स्ट्रेचरवर असताना सेतू केंद्रात धावणे कोणाच्याही वाट्याला येऊ नये. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला गाठावे. कोणी वेगळे पैसे मागितले तर १५५३८८ या क्रमांकावर तक्रार करता येते.

हप्ता डोईजड होत असेल तर रक्कम थोडी कमी करून किंवा बिलाचा काही टक्के वाटा स्वतः उचलण्याची अट स्वीकारून तो खाली आणता येतो. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ठरवून दिले आहे की ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी विचारविनिमय करावा. तुमची वाढ त्याहून अधिक असेल तर पत्र मला दाखवा, आपण तक्रार लिहू.

प्लॉट ७, आरोग्य विभाग
नमस्कार काकू. माझा धाकटा भाऊ ठेकेदाराकडे घंटागाडीवर आहे. त्याला या गटविम्यात घेणार नाहीत, असे कळले. त्याचे काय?

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
त्याच्या पगारपत्रकात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची कपात आहे का, ते आधी बघ. आपला भाग या विम्यासाठी अधिसूचित असेल आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि ठेकेदाराचे ३.२५ टक्के भरले गेले पाहिजेत. कपात होत असेल आणि भावाला विमा क्रमांकच माहीत नसेल, तर ठेकेदाराकडून तो लेखी मागून घ्यावा. निदान पाच वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. एवढा चांगला हक्क माहितीअभावी वाया जातो, याचे मला फार वाईट वाटते.

प्लॉट १५, कर विभाग
प्रस्तावात ‘खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का’ असे आहे. याकडे कितपत लक्ष द्यावे?

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
सर्वाधिक लक्ष तिथेच द्यावे. तीन लाखांच्या विम्यावर एक टक्का म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. समजा नागपुरात ६,००० रुपयांची खोली घेतली आणि एकूण बिल १,८०,००० झाले, त्यात औषधे आणि तपासण्या ६०,००० च्या आहेत. आपल्याला वाटते की खोलीभाड्यातला फरक तेवढा खिशातून जाईल. प्रत्यक्षात खोली मर्यादेच्या दुप्पट असल्याने डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग असे उरलेले १,२०,००० रुपयेही निम्मेच मान्य होतात. कंपनी १,२०,००० देते आणि ६०,००० घरून भरावे लागतात. गेल्या वर्षी माझ्या दिरांचे असेच झाले. नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात नातेवाइकांना झोपायला जागा हवी म्हणून मोठी खोली घेतली, आणि घरी जायच्या दिवशी कपातीचा कागद हातात पडला. तेव्हा एकतर ही मर्यादा काढून घ्यावी, किंवा निदान ‘एकाच रुग्णाची साधी स्वतंत्र खोली’ असे शब्द घालून घ्यावेत.

रुग्णवाहिकेची रक्कमही पाहावी. आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती एका भरतीला २,००० रुपये आहे. शहरातल्या माणसाला ती पुरत असेल. आपल्याकडून नागपूरला व्हेंटिलेटरची गाडी न्यायची तर तेवढ्याने काही होत नाही. १०८ ची गाडी मोफत आहे, पण प्रत्येक वेळी ती थेट नागपूरपर्यंत मिळेल असे समजू नये. आणि आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली घरे आहेत, ती गोष्ट संकोचाने लपवली जाते. गटविम्यात आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून मान्य असतील तर तसे करारात स्पष्ट यावे. वैयक्तिक पॉलिसी घेताना तर अर्जात ते लिहिलेच पाहिजे.

प्लॉट २३
ताई, मी दोन दिवस विचार करत होते की लिहावे की नाही. माझे यजमान अग्निशमन विभागात होते, सेवेत असतानाच गेले. मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ‘निवृत्त कर्मचारी’ असे लिहिले तर त्यात मी येते का?

प्लॉट ११, निवृत्त लेखापाल
वहिनी, तुम्ही लिहिले हे फार चांगले केले. नुसते ‘निवृत्त कर्मचारी’ लिहिले तर कंपनी तुम्हाला बाहेर ठेवू शकेल. सचिव साहेब, संघटनेला द्यायच्या पत्रातील मागणी कृपया अशी लिहावी : ‘सेवेतील कर्मचारी, सर्व निवृत्तिवेतनधारक, कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि या सर्वांचे जोडीदार यांचा एकच गट धरावा, वयाची वरची मर्यादा असू नये, आणि गटविमा बंद झाल्यास किंवा सभासद गटाबाहेर पडल्यास पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ धरून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा त्याचा हक्क करारात नमूद करावा.’

प्लॉट ४, पाणीपुरवठा विभाग
सचिव साहेब, या पत्रावर माझी सही घ्यावी. पाणीपुरवठ्यातील बाकीच्यांशी मी शनिवारी बोलतो.

सचिव, कॉलनी संस्था
पत्र वरील शब्दांत तयार करतो. दोन्ही दर लेखी आल्याशिवाय मतदान घेऊ नये, ही विनंतीही त्यात जोडतो. सह्यांसाठी पत्र उद्या सायंकाळी सहापासून वाचनालयात ठेवले जाईल. ज्यांना चालत येणे शक्य नाही त्यांनी कळवावे, कागद घरी आणून दिला जाईल.