पत्र्याचे ब्रॅकेट लेझर कटिंग आणि बेंडिंगला द्यायचे आहेत, कॅडची (संगणकावरच्या ड्रॉइंगची) सुरुवात कुठून करावी?

पिंपळगाव_फॅब्रिकेशन विचारतात:

नमस्कार मंडळी. गेट-ग्रिलबरोबर द्राक्षबागेच्या ब्लोअरचे ब्रॅकेट, टाकीच्या पट्ट्या, पीटीओचे (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टचे) गार्ड अशी दुरुस्तीची कामं आमच्याकडे असतात. गुण्या, खडू आणि ग्राइंडरवर आजवर भागलं. आता पत्रा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लेझरवर कापून तिथेच बेंड करून घ्यायचा आहे. 3 मिमीच्या एल ब्रॅकेटला बाहेरून 50 आणि 80 हवेत म्हणून 130 ची पट्टी कापली, तर वाकवल्यावर माप वाढतं आणि भोकं जुळत नाहीत. दुसरं म्हणजे, तुटलेला पार्ट समोर असताना त्याचं ड्रॉइंग कसं काढायचं? आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

सातपूर_शीटमेटल:

भाऊ, 130 नाही, 124.7 कापा. वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मधल्या एकाच थराची लांबी कायम राहते. तो थर आतल्या बाजूपासून जाडीच्या किती भागावर आहे, तो आकडा म्हणजे के-फॅक्टर.

तुमच्याच ब्रॅकेटचा हिशोब करू. बेंडच्या वळणाची आतली त्रिज्या 3 मिमी, के-फॅक्टर 0.42 धरा. बेंडमध्ये जाणारी लांबी = 1.57 × (3 + 0.42 × 3) = 6.69 (1.57 म्हणजे 90 अंश रेडियनमध्ये). दोन्ही पायांतून (ब्रॅकेटच्या बाजूंतून) त्रिज्या आणि जाडी मिळून 6-6 वजा केले की सपाट भाग उरतो 44 आणि 74. बेरीज 124.69. म्हणजे एका बेंडला साधारण 5.3 मिमी कमी करायचे. यू ब्रॅकेटला दोन बेंड, मग 10.6.

पण 0.42 हा आकडा डोळे झाकून घेऊ नका. आतली त्रिज्या पंचवर (वरून दाबणाऱ्या पातीवर) नाही, मुख्यतः खालच्या व्ही डायच्या, म्हणजे पत्रा ज्या खाचेत दाबला जातो तिच्या, तोंडाच्या रुंदीवर ठरते. माइल्ड स्टीलला ती तोंडाच्या साधारण एक षष्ठांश येते. 20 मिमी तोंडाच्या व्हीला 3 ते 3.5 मिमी. डाय बदलली की हिशोब बदलला. म्हणून ज्या मशीनवर काम होणार, तिथे त्याच पत्र्याची बरोबर 100 मिमीची पट्टी 90 अंशात वाकवून घ्या आणि दोन्ही पाय बाहेरून व्हर्निअरने मोजा. बेरीज 105.3 आली तर वजावट 5.3. हा आकडा वहीत जाडी आणि डायसकट लिहून ठेवा. कुठल्याही तयार तक्त्यापेक्षा हाच खरा.

आणि सूत-इंच ड्रॉइंगमध्ये आणूच नका. एक सूत 3.175 मिमी, पत्रा 3 मिमी. चार ठिकाणी ही गल्लत झाली की भोक हुकलंच.

अंबड_लेझर_ऑपरेटर:

आमच्याकडे डीएक्सएफ (लेझरला द्यायची ड्रॉइंगची फाइल) येते तेव्हा नेहमी याच गोष्टी अडतात. स्केल 1:1 आणि युनिट मिमी हवं. आउटलाइन बंद हवी. एकावर एक दोन रेषा असल्या तर मशीन तीच जागा दोनदा कापतं आणि कड जळते. बेंडच्या रेषा वेगळ्या लेअरवर (ड्रॉइंगमधल्या वेगळ्या थरावर) ठेवा, नाहीतर पट्टीचे दोन तुकडे हातात येतील. लेझरच्या कापाची रुंदी ड्रॉइंगमध्ये धरू नका, ती आम्ही मशीनवर देतो. दोन्हीकडे दिली तर भोक लहान-मोठं होणारच.

एम8 बोल्टला भोक 9, एम10 ला 11 ठेवा. आटे पाडायचे असतील तर लेझरने फक्त लहान पायलट भोक घ्या आणि एम8 ला 6.8 च्या ड्रिलने मोठं करा. ऑक्सिजनवर कापलेली कड कडक होते, त्यात टॅप तुटतो. भोक बेंडजवळही नको: 3 मिमी पत्र्यात भोकाची कड दुसऱ्या पायाच्या आतल्या पृष्ठभागापासून किमान 9 मिमी लांब ठेवा, नाहीतर वाकवताना ते अंडाकृती ओढलं जातं. 20 च्या व्हीवर 14 मिमीपेक्षा आखूड पाय धरताही येत नाही.

पिंपळगाव_फॅब्रिकेशन:

बेंडचं कळलं, धन्यवाद. आता तुटलेल्या पार्टचं सांगा. ब्लोअरचा 5 मिमीचा ब्रॅकेट वेल्डच्या कडेलाच तडकतो.

सिन्नर_डिझाइन:

दादा, तुटलेल्या ब्रॅकेटवरून माप घेऊ नका. तो वाकलेला असतो, भोकं झिजून लांबट झालेली असतात. माप घ्यायचं ते मशीनवर, ज्या चॅनलवर तो बसतो तिथून. भोकं सारख्या व्यासाची असतील तर दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि एक व्यास वजा करा; केंद्रापासून केंद्राचं अंतर मिळालं. जागा अडचणीची असेल तर चॅनलवर जाड कागद ताणून धरा आणि ग्रीसने काळ्या झालेल्या बोटाने घासा, भोकांचे ठसे उमटतात. मोबाइलच्या फोटोवरून माप काढू नका, कोन जरा तिरका झाला तरी फसतं.

नवा ब्रॅकेट नुसता 6 मिमीचा करून भागणार नाही. ब्लोअरची थरथर सतत एकाच जागी येते आणि वेल्ड जिथे एकदम थांबतो तिथूनच तडा सुरू होतो. गसेट (कोपऱ्याला आधार देणारी तिकोनी पट्टी) द्या, पण त्याचं टोक पातळ प्लेटच्या मधोमध संपवू नका, कडेपर्यंत न्या. आतल्या कोपऱ्याला किमान 5 मिमी त्रिज्या द्या, काटकोनी खाच नको. तात्पुरती दुरुस्तीच करायची असेल तर तड्याच्या अगदी टोकाला 5 मिमीचं भोक पाडा, मग तडा ग्राइंडरने व्ही आकारात उघडून भरा. भोक न पाडता वरून वेल्ड ओढला तर तडा खालून पुढे सरकत राहतो.

सॉफ्टवेअर: तुमच्या कामाला फ्रीकॅड पुरेसं आहे, फुकट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेली 1.0 किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. आधीच्या आवृत्त्यांत जुनं स्केच बदललं की पुढचे फीचर्स वारंवार तुटायचे. ॲडऑन मॅनेजरमधून शीटमेटल वर्कबेंच टाका. आधी फक्त स्केच शिका: प्रत्येक रेषेला माप किंवा बंधन देऊन सगळं स्केच हिरवं होईपर्यंत पुढे जाऊ नका. मग बेस (मूळ सपाट पत्रा), फ्लँज (वाकवलेली बाजू) आणि शेवटी अनफोल्ड (पार्ट उलगडून कापायचा सपाट आकार काढणं). अनफोल्ड करताना के-फॅक्टर एएनएसआय (अमेरिकन) की डीआयएन (जर्मन) पद्धतीचा असं विचारतं. वरचा 0.42 हा एएनएसआयचा. डीआयएनमध्ये तोच 0.84 होतो. इथे चुकलात तर सगळी भोकं सरकतील.

फ्यूजन या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरची वैयक्तिक आवृत्ती फुकट आहे, पण ती धंद्याच्या कामासाठी नसते. सॉलिडवर्क्स पुढे नोकरी किंवा मोठं जॉबवर्क डोक्यात असेल तरच बघा.

सातपूर_शीटमेटल:

एक राहिलं. पावडर कोटिंग करणार असाल तर थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा बसतो, म्हणजे भोक व्यासात 0.16 मिमीपर्यंत कमी होतं. 9 च्या भोकात एम8 ला फरक पडत नाही, पण पिन घट्ट बसवायची असेल तर ते भोक कोटिंगआधी झाकून घ्या.