पेन्शन जास्त दिली म्हणून बँक कापतीय, वर दारात हप्तेवाले. काय करू?

पेठेतली आज्जी:
माझं वय ६३. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते, आठवीतली नात माझ्याजवळ असते. आमचे मालक केंद्र सरकारच्या एका खात्यात शिपाई होते. जून २०१० मध्ये नोकरीत असतानाच गेले. तेव्हापासून कुटुंब पेन्शनवर घर चाललंय.

डिसेंबरपर्यंत महिन्याला २०,३०० रुपये यायचे. जानेवारीत पासबुक भरून घेतलं तर ९,४८०. मशीननं चुकीचं छापलं असंल म्हणून परत रांगेत उभी राहिले. साहेब म्हणाले, तुमची वाढीव पेन्शन १० वर्षांसाठी होती, ती जून २०२० लाच संपली, कमी करायचं आमच्याकडून राहून गेलं. खरी पेन्शन १४,२२०. साडेपाच वर्षांत ३ लाख ५५ हजार ९७१ जास्त गेलेत, ते दरमहा ४,७४० कापून घेणार. म्हणजे ७५ महिने. कबुलीच्या कागदावर सही करा म्हणाले. चष्मा घरी राहिलाय सांगून उठून आले.

बँकेच्या नावानं कुणीतरी फोन पण करतंय, एकदम पैसे भरा नाहीतर घरावर जप्ती आणू म्हणतंय.

दुसरं दुखणं असं. गेल्या वर्षी बायकांच्या गटातनं मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं होतं, हप्ता ३,१००. एकीचं थकलं की बाकीच्यांच्या मागं लागतात. वीस हजार येत होते तेव्हा एकदाही चुकला नाही. आता दोन थकले. परवा रात्री आठला त्यांचा माणूस आला, बुटासकट उंबऱ्यात बसला आणि गटातल्या बायकांना फोन करून बोलावून घेतलं. तिघी पदराखाली पाकिटं धरून गल्लीतल्या दिव्याखाली उभ्या. नात दप्तर मांडीवर घेऊन आतल्या खोलीत गप्प बसली होती. त्या रात्री ती जेवली नाही.

मी खोटं काही सांगितलेलं नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिलाय. हे पैसे मला खरंच द्यावे लागतील का? पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, २०१९ च्या पुरात भिजलाय, शाई पसरलीय.

निवृत्त कारकून, राजारामपुरी:
ताई, सही केली नाहीत हे फार बरं केलंत. मी २२ वर्षं पेन्शनच्या टेबलावर काढलीत.

आधी आकडा तपासू. नोकरीत मृत्यू झाला तर १० वर्षं शेवटच्या पगाराच्या ५० टक्के, नंतर ३० टक्के, आणि मूळ रक्कम कमीत कमी ९,०००. त्यावर जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला की १४,२२० येतात. तेव्हा यापुढची पेन्शन याच हिशेबानं राहील, त्यावर भांडू नका. भांडायचं ते मागच्या वसुलीवर.

सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह निकाल आहे. वर्ग ३ आणि ४ चे (कारकून, शिपाई असे) कर्मचारी, निवृत्त झालेले, किंवा वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ चुकून रक्कम दिली गेली असेल तर ती वसूल करू नये, असं त्यात सांगितलंय. २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं एका वृद्ध पेन्शनरच्या खात्यातून बँकेनं परस्पर केलेली कपात रद्द केली होती. पेन्शन सरकार मंजूर करतं, बँक फक्त वाटते.

पण एक अडचण आधीच सांगतो. खातं काढताना ‘जास्त रक्कम आली तर परत करीन’ असं हमीपत्र घेतात. हमीपत्र असेल तर वसुली होऊ शकते, असा २०१६ चा निकाल आहे. तो एका न्यायिक अधिकाऱ्याचा होता, शिपायाच्या विधवेचा नव्हे, पण बँक तोच पुढं करील. म्हणून अर्जात तीन गोष्टी मागा: पीपीओची प्रत, महिनावार ड्यू-ड्रॉन स्टेटमेंट (किती द्यायचे होते, किती दिले याचा तक्ता) आणि हमीपत्राची प्रत. पोचवर शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मंजूर करणाऱ्या खात्यालाही तसाच अर्ज पाठवा.

आणि जप्तीचं मनातून काढून टाका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे सरकारी पेन्शनवर कोर्टाचीसुद्धा जप्ती येत नाही. फोनवरचा माणूस कसली आणतोय?

गटाची अध्यक्ष, कदमवाडी:
आज्जी, बुटासकट उंबऱ्यात बसला हे वाचून अंगाचा तिळपापड झाला. आमच्या गटात पण असाच एक यायचा.

मायक्रोफायनान्सला रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२ मध्ये वेगळे नियम केलेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. वसुली ठरलेल्या जागी. तिथं तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच घरी यायचं. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांसमोर अपमान, काही चालत नाही. कर्ज बिनतारण असतं, तेव्हा भांड्याला हात लावायचा नाही.

लोनकार्डच्या मागं तक्रारीचा नंबर छापलेला असतो. तिथं करा, लेखी पण द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, चौकशीचा फोन १४४४८. पेन्शन घटल्याचं दाखवून हप्ता कमी करून मागा. आणि त्या तिघींना आधी भेटून खरं काय ते सांगा, त्यांच्या मनात अढी राहू देऊ नका.

बावड्याचा वाचक:
वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. माझ्या आत्याला मिळाला होता. पुढं वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

पेठेतली आज्जी:
सगळ्यांचे लई उपकार. सोमवारी बावड्याला जाऊन आले. वकीलबाईंनी पीपीओ उजेडात धरून वाचला, तारखेची ओळ शाबूत आहे, जून २०२० च. म्हणजे बँकेकडं तारीख पहिल्यापासून लिहिलेली होती. त्यांनी अर्ज लिहून दिला, बँकेत शिक्का मिळाला. हमीपत्र शोधतो म्हणालेत. या महिन्याची कपात मात्र झालीच.

हप्तेवाला काल सकाळी साडेदहाला आला, बाहेरच उभा राहिला. नियम सांगितले तर म्हणाला, तुम्हाला कुणी शिकवलं? ५०० दिले, पावती घेतली. त्या तिघींना घरी बोलावून चहा पाजला, सगळे कागद दाखवले. एक रडली.

काका, खात्याला अर्ज पाठवताना पासबुकाची झेरॉक्स २०२० पासूनची सगळी जोडू की शेवटच्या वर्षाची पुरं?