वॅट मागून, आधी पेटी
भाऊ, 12 इंची वूफरला (बासच्या स्पीकरला) 200 ऐवजी 400 वॅटचा अ‍ॅम्प लावू का म्हणता, पण त्यानं आवाज वाढते फक्त 3 डेसिबल, म्हणजे थोडासाच. पैसा स्पीकरच्या पेटीवर लावा. 18 मिमी प्लायवूड, आत आडव्या पट्ट्या, सांधे हवाबंद. पोर्टला, म्हणजे पेटीतून हवा आतबाहेर करणाऱ्या नळीला, विहिरीवरच्या पीव्हीसी पाइपचा उरलेला तुकडा चालते: आतून निव्वळ 60 लिटरच्या पेटीत 10 सेंमी व्यास, 25 सेंमी लांबी धरली तर ट्यूनिंग, म्हणजे पेटी अन् पोर्ट मिळून ज्या सुरावर घुमते तो, 35 हर्ट्झच्या आसपास येते. वूफरचे पॅरामीटर (कंपनीनं दिलेले मोजमापाचे आकडे) या पेटीला जुळतात का, तेवढं पाहून घ्या. 35 हर्ट्झच्या खाली वूफरचा कोन (हलणारा पडदा) मोकाट सुटते, म्हणून त्याखालचे सूर अडवणारा सबसोनिक फिल्टर पाहिजेच. आणि आपल्या इकडं संध्याकाळी व्होल्टेज पडलं का साध्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प दम सोडते. 90 ते 264 व्होल्टवर चालणारा एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) अ‍ॅम्प मिळाला तर तोच घ्या. पेटी कोपऱ्यात ठेवा, बास फुकटात वाढते. छपराची टिनं खडखडतील मात्र, बाप्पा!