पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बदललेला ऑइल फिल्टर : तुमचेही अनुभव सांगा

गेल्या रविवारी मी माझ्या गाडीचं इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर पहिल्यांदा स्वतः बदलला. गाडी चालवायला लागून सतरा वर्षं झाली, पण बॉनेट उघडून काच पुसायचं पाणी भरण्यापलीकडे कधी गेलो नव्हतो. जाणत्या माणसाला हे काम तासाभराचं. मला साडेतीन तास लागले. त्यातला दीड तास एका रबरी रिंगेपायी गेला. तिच्याबद्दल सांगावं आणि तुमचंही ऐकावं म्हणून हा धागा.

सुरुवात चांगली झाली. दहा मिनिटं इंजिन चालवून ऑइल कोमट करून घेतलं, गाडी सपाट जागी रॅम्पवर चढवली, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना ठोकळे लावले. चेंबरचा, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याचा, नट सैल करताना पाना कुठे फिरवायचा यावर मिनिटभर अडलो. खाली उताणं झोपलं की दिशांचा गोंधळ होतो. शेवटी मनात एवढंच धरलं, की नटाच्या डोक्याकडे सरळ बघायचं आणि घड्याळाच्या उलट फिरवायचं. नट सुटला, ऑइल ट्रेमध्ये पडलं. धार आधी वाटतं त्यापेक्षा बरीच लांब जाते, ट्रे थोडा पुढे सरकवून ठेवा.

जुना फिल्टर हाताने सहज निघाला. नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावलं, फिरवून बसवला, नवीन वॉशर घालून नट आवळला, ऑइल भरलं आणि इंजिन सुरू केलं. पाच-सहा सेकंदांत गाडीखाली काळसर डबकं पसरताना दिसलं. लगेच बंद केलं, तरी तेवढ्यात लिटरभर ऑइल जमिनीवर आलं होतं.

कारण फिल्टर काढल्यावर कळलं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघालीच नव्हती, इंजिनच्या बैठकीला चिकटून राहिली होती. तिच्यावर मी नव्या फिल्टरची रिंग बसवली. दोन रबरं एकावर एक बसली की हाताला फिल्टर घट्ट लागतो, पण पंपाचा दाब आला की वरचं रबर बाजूला सरकतं आणि ऑइलला वाट मिळते. तेव्हा जुना फिल्टर हातात आला की आधी उलटा करून बघा, रिंग त्याच्यावर आहे का. नसेल तर ती वरती आहे. आणि बैठक फडक्याने पुसताना बोट सगळीकडे फिरवा; काळ्या ऑइलात काळं रबर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं.

नीलपंख

माझ्याकडे उलटा प्रकार. फिल्टर निघेचना. आधीच्या वेळी कोणीतरी पान्याने आवळलेला असणार, रबरही कोरडंच बसवलेलं. दोन्ही हातांनी जोर लावला, फडकं गुंडाळून बघितलं, हातमोज्यावर सँडपेपर चिकटवून बघितलं. मग कुठेतरी ऐकलेला उपाय केला : स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकून त्याचा दांड्यासारखा वापर. हे कृपा करून करू नका. डब्याचा पत्रा पातळ असतो, तो फाटत गेला आणि स्क्रूड्रायव्हर गोल फिरला. फिल्टर जागचा हलला नाही. शिवाय आता गाडी सुरू करून गॅरेजपर्यंत नेण्याचीही सोय उरली नाही.

शेवटी शेजारचे काका त्यांचा पट्ट्याचा पाना घेऊन आले. त्यांनी पट्टा डब्याच्या तळाशी न लावता वर, बैठकीजवळच्या जाड कडेला लावला. एका झटक्यात सुटला. पट्टा कुठे लावायचा एवढीच गोष्ट, पण ती कोणी दाखवल्याशिवाय मला सुचली नसती. काकांनीच नवा फिल्टर माझ्याकडून बसवून घेतला : रबर बैठकीला टेकेपर्यंत अलगद फिरव, तिथून हाताने पाऊण फेरा, मग सोडून दे. पाना फक्त काढायला. फिल्टरच्या खोक्यावरही बहुतेक वेळा हेच छापलेलं असतं, तेव्हापासून मी आधी ते वाचते.

जुनाचाक

वर रॅम्पचा उल्लेख आहे म्हणून. मी रॅम्प वापरला नव्हता, गाडीबरोबर आलेला जॅक लावला होता. ठोकळे नव्हते. नट काढायला खाली शिरण्याआधी फडकं आणायला घरात गेलो, तेवढ्यात गाडी जॅकवरून घसरून खाली आली. मी खाली नव्हतो, म्हणून हे लिहितोय. तो जॅक चाक बदलण्यासाठी असतो, माणसाने गाडीखाली जाण्यासाठी नाही. जॅक स्टँड (उचललेल्या गाडीला खालून लावायचा पक्का आधार) किंवा रॅम्प नसेल तर ऑइल महिनाभर उशिरा बदला.

अवनी_क

माझ्या गाडीत डब्यासारखा फिल्टर नाही. इंजिनच्या वरच्या अंगाला प्लास्टिकचं झाकण आहे आणि त्याच्या आत नुसता कागदी फिल्टर. गाडीखाली न जाता निघतो म्हणून मला हे सोपं वाटलं, पण याचीही एक ओ-रिंग असते. ती झाकणाच्या ठरावीक खाचेतच बसली पाहिजे. माझ्या झाकणावर दोन खाचा होत्या, मी रिंग चुकीच्या खाचेत घातली. सुदैवाने बाबांनी टॉर्च धरला होता. ते म्हणाले, "जुनी रिंग कुठे होती ते आठवतंय का?" आठवत नव्हतं, कारण ती मी आधीच काढून टाकली होती. मग जुन्या रिंगेचा दाबलेला, चकचकीत माग कुठल्या खाचेत आहे तो शोधला आणि तिथे नवी बसवली. आता काढण्याआधी फोटो काढते.

झाकणावर २५ न्यूटन मीटर असं कोरलेलं होतं. किती जोराने आवळायचं त्याचं ते माप. तो जोर मोजून आवळणारा पाना, टॉर्क रेंच, उसना आणला आणि तेवढंच आवळलं. हाताला ते फारच कमी वाटतं, अजून थोडं आवळावं असा मोह होतो. प्लास्टिक आहे, तडकतं.

सातपाच

"अजून थोडं" या मोहाबद्दल मलाही बोलायचंय. चेंबर ॲल्युमिनियमचं, नट पोलादाचा. गळू नये म्हणून मी लांब दांड्याचा पाना घेऊन आवळत गेलो. एका क्षणी पाना अचानक हलका झाला. आटे गेले होते. आपण काहीतरी कायमचं मोडलं, हे त्या हलकेपणातच कळतं, फार वाईट वाटलं त्या क्षणी. नवे आटे पाडून आत तारेची गुंडाळी बसवून घ्यावी लागली. गळती थांबवायचं काम नटाचं नसून खालच्या मऊ वॉशरचं असतं, तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. तो दबून बसतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा. मी जुनाच ठेवला होता आणि त्याची भरपाई जोराने करू पाहत होतो.

मंदार_उवाच

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी. माझ्या गाडीखाली दोन नट आहेत. मी पहिला दिसला तो काढला. ऑइल स्वच्छ, पातळ आणि लालसर आलं. दहा हजार किलोमीटर चाललेलं इंजिन ऑइल इतकं स्वच्छ कसं, असा प्रश्न पडायला मला दोन लिटर जावे लागले. ते गिअरबॉक्सचं ऑइल होतं.

एकच गोष्ट बरोबर केली : इंजिन सुरू केलं नाही. तसंच नवं इंजिन ऑइल भरलं असतं तर इंजिनमध्ये दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा, अशी गाडी रस्त्यावर गेली असती. माझ्या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची खुणांची पट्टी) नाही, पातळी ठरावीक तापमानाला तपासावी लागते, म्हणून गाडी उचलून न्यावी लागली. पुस्तिकेतलं चित्र बघून आधी खडूने खूण करा. इंजिनचा फिल्टर आणि इंजिन ऑइलचा नट सहसा एकमेकांच्या आसपास असतात, पण सहसाच.

रेवा

माझी चूक ओतण्यातली. कॅन चार लिटरचा होता म्हणून चारही लिटर ओतले. पुस्तिकेत फिल्टरसकट साडेतीन लिहिलं होतं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या बरंच वर. जास्त ऑइल असेल तर इंजिनच्या तळाशी फिरणारा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, ते घुसळतो, हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला धड दाब धरता येत नाही, म्हणजे इंजिनला वंगण कमीच मिळतं. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून मोठ्या सिरिंजने अर्धा लिटर काढलं. आता आधी तीन लिटर ओतते, इंजिन मिनिटभर चालवते, बंद करून दहा मिनिटं थांबते आणि मग थोडं थोडं.

डिझेलप्रेमी

नवं ऑइल भरून पाच मिनिटं चालवलं, डिपस्टिक काढली तर काळंकुट्ट! वाटलं जुनं निघालंच नाही. डिझेल इंजिनात काजळी असते आणि आत उरलेलं थोडंसं जुनं ऑइलही नव्याला लगेच रंगवतं. घाबरू नका.

लेथवरचा माणूस

मी जुना फिल्टर फेकला नाही, उघडला. करवतीने कापू नका, तिचे कण आत पडतात आणि मग कुठला कण इंजिनचा ते कळत नाही. कडेने फिरणारा कटर वापरा. आतला घड्यांचा कागद सोडवला तर ताणून टेबलभर लांब झाला. ऑइल कडेच्या बारीक भोकांतून आत येतं, कागदातून गाळून मधल्या मोठ्या भोकातून इंजिनकडे जातं. भोकांमागची रबरी चकती म्हणजे झडप : इंजिन बंद असताना ऑइल मागे ओघळू नये म्हणून. दुसरी झडप स्प्रिंगची. कागद तुंबला किंवा ऑइल थंडीने घट्ट झालं की ती उघडते आणि न गाळलेलं ऑइल पुढे सोडते. गाळलेलं मिळत नसेल तर न गाळलेलं तरी मिळो, कोरडं राहण्यापेक्षा बरं, हा विचार एवढ्याशा डब्यात बसवलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

कागदावर मला काजळी आणि तुरळक चकचकीत कण मिळाले, चुंबकाला मोजके चिकटले. थोडे असायचेच. पुढच्या वेळी याच्याशी ताडून बघता यावं म्हणून तुकडा पाकिटात घालून त्यावर किलोमीटर लिहून ठेवलाय.

अवनी_क

@लेथवरचा माणूस, पाकिटाची कल्पना मी घेतली. जुन्या ऑइलचं सगळ्यांनी काय केलं? मी रिकाम्या कॅनमध्ये परत भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्यांकडे दिलं. फिल्टरही रात्रभर भोकं खाली करून निथळत ठेवला, कपभर तरी निघालं. गटारात किंवा मातीत अजिबात ओतू नका.

पहिलीवेळ

येत्या शनिवारी करणार आहे. फिल्टर बसवण्याआधी त्यात ऑइल भरून घ्यायचं का?

नीलपंख

फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर अर्धा भरून घ्या, कागद शोषून घेतो. आडवा बसत असेल तर सांडेल, कोरडाच लावा. पंप काही सेकंदांत भरतो. सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावू नका, आणि कोणालातरी बाजूला उभं राहून गाडीखाली बघायला सांगा.