सोनोग्राफीत ‘साधी गाठ’ आली की सुई टाळायची का?

सुनंदा, दारव्हा : ‘स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये फायब्रोअ‍ॅडिनोमा (कर्करोग नसलेली साधी गाठ) लिहिले असेल तर निर्धास्त राहा, तपासणीसाठी सुई टोचून घेऊ नका’ ही विलासरावांची पोस्ट वाचून गप्प बसवत नाही. फायलॉइड्स ट्यूमर (भराभर वाढू शकणारी, कधी कधी घातक निघणारी गाठ) स्तनाच्या गाठींमध्ये एक टक्क्याहूनही कमी आढळतो हे मान्य. परंतु सोनोग्राफीत आणि मॅमोग्राफीतही तो बहुधा तशीच गुळगुळीत कडांची गाठ म्हणून दिसतो. माझ्या जाऊबाईंची गाठ कापूस वेचणीच्या वेळी लिंबाएवढी होती, होळीपर्यंत पदराआड लपेनाशी झाली. तरीही ती नुसती सोलून काढली गेली आणि तपासणीला पाठवलीच नाही. पुढच्या वेचणीआधीच ती त्याच टाक्यांखाली पुन्हा वाढली.

विलास, मारेगाव : ताई, दुःख समजते, पण एका जाऊबाईंवरून तालुक्यातील प्रत्येक मुलीला नागपूरला धाडायचे काय? विशीतल्या मुलींच्या बहुतेक गाठी निरुपद्रवीच असतात, आणि एका फेरीत दोन माणसांची मजुरी बुडते.

मीनाक्षी, वर्धा : प्रत्येकीला कोण म्हणाले? भराभर वाढणारी, 3 सेंटीमीटरहून मोठी किंवा चाळिशीत नव्याने आलेली गाठ असेल तर कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी) हवीच. बारीक सुईने नुसत्या पेशी येतात, त्यावरून फायब्रोअ‍ॅडिनोमा आणि फायलॉइड्स वेगळे करणे अवघड जाते. फायलॉइड्सचा घातक प्रकार निघाल्यास भोवतालच्या सुमारे 1 सेंटीमीटर निरोगी भागासह गाठ काढतात, आणि तेवढी जागा उरत नसेल तर पूर्ण स्तन.

रमेश, गोंडपिपरी : आणि काखेचे काय? आईला हाच आजार होता, तरी काखेतल्या सगळ्या लसिका गाठी काढून टाकल्या. हात असा सुजतो की बांगडी चढत नाही, निंदण तर सुटलेच. त्याचा जाब कोणी द्यायचा?

मीनाक्षी : हा आजार मुख्यतः रक्तावाटे, बहुधा फुप्फुसात पसरतो, म्हणून घातक प्रकारात छातीचा सीटी स्कॅन करतात. काखेत तो क्वचितच जातो, त्यामुळे तिथे हाताला गाठ लागत नसेल तर लसिका गाठींच्या सरसकट सफाईची गरज नसते.

विलास : म्हणजे डॉक्टर सगळे कसाई, आणि शहाणे तेवढे आपण!

रमेश : आईचा हात पाहून जा, मग बोला.

मीनाक्षी : रमेशभाऊ, सूज जुनी असली तरी फिजिओथेरपी आणि दाबाची बाही यांनी आटोक्यात राहू शकते, तेवढे तरी सुरू करा.

विलास : बरे, वाढती गाठ सुईविना सोलू नये, एवढे पोस्टमध्ये घालतो, आपण तिघांनी एवढा उद्धार केल्यावर इलाज काय? पण नागपूरचे तिकीट कोण काढणार?

सुनंदा : एसटीत बायकांना 2023 पासून निम्मेच तिकीट आहे. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तेही पोस्टमध्ये घाला. बुडालेल्या मजुरीला मात्र माझ्याकडेही उत्तर नाही.