पावसात वाडीवर वर्ल्डकप दाखवायचाय: प्रोजेक्टर घ्यावा का, आणि डिशवर भरवसा ठेवावा का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. १२ जूनला इंग्लंडात महिलांचा टी-२० विश्वचषक सुरू होतोय, ५ जुलैला लॉर्ड्सवर अंतिम सामना. वाडीच्या मंडळाने भारताचे सगळे सामने देवळाच्या सभामंडपात एकत्र बघायचं ठरवलं आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताने पन्नास षटकांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून वाडीतल्या बायका आणि शाळकरी मुली एकही सामना सोडत नाहीत, त्यामुळे गर्दी नक्की. शिवाय १ जूनपासून मासेमारी बंदी, होड्या वर ओढलेल्या, म्हणजे बापयेही घरीच.

अडचण पावसाची. गाव देवगड तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. मंडप ३० बाय २० फूट, वर पत्रा, मागची भिंत चिऱ्याची, बाकी तीन बाजू उघड्या. माणसं ७०-८०. मृग लागला की लाइट दिवसातून चार-पाच वेळा जाते, कधी दहा मिनिटं, कधी अख्खी रात्र. देवळावर एक जुनी डिश आहे. फायबर शाळेपर्यंत आलंय, तिथून मंडप साधारण ६० मीटर. मंडळाकडे पंचवीस हजार आहेत आणि पोरांचा ओढा प्रोजेक्टरकडे आहे. घ्यावा का? इन्व्हर्टर किती मोठा लागेल? डिश बरी की नेट?

फेज_न्यूट्रल

आधी विजेचं बघा, पडदा नंतर. हिशोब मांडतो, त्यातच प्रोजेक्टरचं उत्तर आहे.

१२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले ७० टक्केच वापरायचे, वारंवार त्याखाली नेली की बॅटरी लवकर बसते. इन्व्हर्टरमध्ये आणखी १५-२० टक्के जातात. हाताशी उरतात जेमतेम हजार वॉट-तास.

दिव्याचा प्रोजेक्टर २८० वॉट धरा, सेट-टॉप बॉक्स १५, राउटर १०, स्पीकर ५०. एकूण ३५५. म्हणजे पावणेतीन तासांच्या थोडं वर. टी-२० सामना मधल्या सुट्टीसकट साडेतीन तासांच्या आसपास चालतो. संध्याकाळभर लाइट नसेल तर नेमकी शेवटची सात-आठ षटकं अंधारात जाणार.

त्याऐवजी ४३ इंची दोन एलईडी टीव्ही धरा, दोन्ही मिळून १५० वॉट. बाकी तेच. एकूण २२५, म्हणजे सव्वाचार तासांहून जास्त. सामना आरामात निघतो. टीव्ही विकत घ्यायची गरज नाही, वाडीत दोन घरी असतातच. पैसे चांगल्या इन्व्हर्टर-बॅटरीवर घाला, ते वर्षभर देवळाला उपयोगी पडतील. ९०० व्हीएचा पुरतो, पण घेताना प्युअर साइनवेव्हच घ्या. स्क्वेअरवेव्हवर स्पीकर गुणगुणतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेवा, नाहीतर लाइट गेल्याच्या क्षणी सेट-टॉप बॉक्स बंद होतो आणि परत चालू होऊन चित्र यायला दोन-तीन मिनिटं खातो.

बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात. दुपारीच लाइट गेली आणि कुणी मंडपातले पंखे त्याच इन्व्हर्टरवर फिरवत बसलं तर संध्याकाळी हिशोब कोलमडतो. त्या लाइनवर टीव्ही, बॉक्स, राउटर, स्पीकर आणि एक ९ वॉटचा बल्ब, एवढंच.

आता जिवाचं. उघड्या मंडपात ओल्या पायांची ऐंशी माणसं येणार, म्हणून ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय काही जोडू नका. त्याच्या पुढे हाय-लो व्होल्टेज कटऑफ हवा. पावसात फांदी पडून न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टही येऊ शकतात आणि एका झटक्यात सगळं जळतं. गाव कातळावर असेल तर अर्थिंग तपासून घ्या. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, खड्डा खोल घेऊन कोळसा-मीठ भरावं लागतं. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर नको, खांबाला चार फुटांवर बांधा. वीज देवळाच्या मीटरवरूनच घ्या. खांबावर आकडा टाकणं गुन्हा आहे आणि पावसात मरणही.

भाड्याने जनरेटर आणणार असाल तर मंडपापासून निदान २० फूट दूर, वारा मंडपाकडून जिकडे वाहतो त्या बाजूला. जनरेटरची पिन कधीही भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालून उलटी वीज सोडू नका. खांबावर चढलेला वायरमन त्याने मरतो.

आग्नेय

डिशबद्दल.

मुसळधार सरीत चित्र जातं त्याला कंपनीचा इलाज नाही. डीटीएचचा सिग्नल साधारण १०-१२ गिगाहर्ट्झचा, पावसाचे मोठे थेंब तो शोषतात. जाडी सर गेली की पाच ते वीस मिनिटांत चित्र परत येतं. पण कोकणात रिमझिमीतही चित्र फुटतं ते बहुतेक वेळा पावसामुळे नसतं, जोडणीत आधीच निम्मा सिग्नल वाया गेलेला असतो. तो मे महिन्यातच परत मिळवायचा.

पहिली गोष्ट माड. आपल्याकडून डीटीएचचे बहुतेक उपग्रह आग्नेयेला दिसतात, क्षितिजापासून साधारण ६० ते ६८ अंश वर. डिशच्या मागे उभे राहून त्या दिशेला बघा. माडाची झावळ किंवा आंब्याची फांदी आड येत असेल तर उन्हाळ्यात चालून जातं, पण ओली झावळ सिग्नल पार खाते. झाडाला हात लावण्यापेक्षा डिश हलवणं सोपं.

दुसरी, एफ कनेक्टर, म्हणजे डिशच्या केबलच्या टोकांचे जोड. खाऱ्या वाऱ्यात दोन-तीन वर्षांत आतली तार हिरवी पडते. एलएनबीकडचं (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) आणि बॉक्सकडचं, दोन्ही टोकं तीन-चार इंच कापून नवे दाबून बसवायचे कनेक्टर घाला. आरजी-६ केबलची जाळी काळी पडली असेल तर केबल पूर्ण बदला, पाणी आत उतरलेलं असतं. कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप नको, तिचा डिंक उन्हात सुटतो. स्वतःत चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. आणि केबल कनेक्टरकडे जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलावरून ठिबकून जातं.

तिसरी, गंजलेले नट-बोल्ट. डिश वाऱ्याने दोन अंश हलली तरी सिग्नलचा दर्जा पडतो. स्टीलचे बोल्ट घाला, खांबाला दोन तारांचे ताण द्या. मग बॉक्सच्या सिग्नल पडद्यावर ‘स्ट्रेंग्थ’ न बघता ‘क्वालिटी’ बघत डिश आणि एलएनबी हळूहळू फिरवा. ६० सेंमीच्या जागी ९० सेंमीची डिश लावली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात, मध्यम सरीत तेवढ्याने सामना तरतो.

ढग गडगडायला लागले की बॉक्सची पिन आणि डिशची केबल दोन्ही काढा. वीज चमकणं आणि आवाज यात ३० सेकंदांहून कमी अंतर म्हणजे ढग दहा किलोमीटरच्या आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. त्या वेळेत इन्व्हर्टरवर नुसतं फायबर चालवा.

म्हणजे डिश की नेट असा प्रश्न नाही, दोन्ही तयार ठेवायची. शाळेपासून ६० मीटर म्हणजे तांब्याची लॅन केबलही पोचते, तिला १०० मीटरची मर्यादा. पण उघड्यावरून तांबं नेलं की विजेची भीती राहते, म्हणून फायबरचाच तुकडा ओढून घ्या. शाळेकडचा राउटरही कुठल्यातरी बॅटरीवर हवा, हे हमखास विसरलं जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबू नका. ७२० पीला तासाला सव्वा ते दीड जीबी जातो, रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक पहिल्याच डावात संपतो. आणि लाइट लांबली की टॉवरची बॅटरीही उतरते.

एक लक्षात ठेवा, नेटवरचं चित्र डिशच्या मागे वीस-चाळीस सेकंद असतं. शेजारच्या घरात डिश चालू असेल तर विकेटची आरोळी आधी ऐकू येते आणि मंडपातली मजा जाते. फोनवरच्या स्कोअरच्या सूचना सगळ्यांना बंद करायला सांगा.

मांजरपाट

प्रोजेक्टरला माझा विरोध नाही. चारी बाजूंनी बंद खोली, ३५०० अँसी ल्युमेन (ठरलेल्या मानकाने मोजलेला उजेड) आणि ताणून बसवलेला आठ फुटी पडदा असेल तर त्याच्यासारखं सुख नाही. पण तुमच्या मंडपात तो चालणार नाही. इंग्लंडची घड्याळं उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे. तिकडे साडेदहाला सुरू होणारा सामना इथे दुपारी ३ ला, अडीचचा संध्याकाळी ७ ला, साडेसहाचा रात्री ११ ला. जूनच्या मध्यात देवगडात सूर्य सातच्या पुढे बुडतो आणि उजेड साडेसातपर्यंत राहतो. उघड्या मंडपात ३ चा सामना दिसणारच नाही, ७ च्या सामन्याचा पॉवरप्ले, म्हणजे पहिली सहा षटकं, फिका दिसेल. स्वस्तातल्या डब्यांवर ‘९००० ल्युमेन’ लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, अँसीचा आकडा विचारा. शिवाय दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते.

दोन टीव्ही असे लावा: एक मागच्या भिंतीवर, तळकडा जमिनीपासून साडेपाच-सहा फुटांवर. दुसरा मंडपाच्या मध्यावर बाजूच्या खांबाला, मागच्या लोकांकडे तोंड करून. ४३ इंचावर पंधरा फुटांपलीकडे धावफलकाचे आकडे नीट वाचता येत नाहीत, म्हणून तीस फुटांत दोन हवेतच. बॉक्समधून एचडीएमआय स्प्लिटर, एकातून दोन. दुकानदार स्विच देतो, तो दोनातून एक असतो, उलटा. स्वस्त स्प्लिटरवर कधी कधी एका टीव्हीवर काळा पडदा येतो, तेव्हा आदल्या दिवशी सगळं जोडून बघा. एचडीएमआय केबल दहा मीटरच्या आत ठेवा.

पत्र्यावर पाऊस कोसळला की समालोचन ऐकू येत नाही. समोर एक मोठा स्पीकर वाढवून उपयोग नाही, पुढचे कान धरतात आणि मागच्यांना काहीच कळत नाही. दोन लहान स्पीकर मंडपाच्या मध्याला, डोक्याच्या थोडं वर.

आणि पाखरं! पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं नेमकी सात-साडेसातला उठतात आणि टीव्हीच्या उजेडावर झेपावतात. मंडपातले दिवे बंद करा, ३०-४० फुटांवर एक पांढरा बल्ब लावून खाली पाण्याची परात ठेवा. साधारण तासाभरात ओसरतात. टीव्हीच्या मागच्या जाळीवर जुनी मच्छरदाणी सैलसर बांधा, घट्ट नको, हवा खेळली पाहिजे.

गुणफलक

एक काळा फळा जरूर ठेवा. चित्र गेलं की लोक उठतात. फळ्यावर षटकागणिक धावसंख्या लिहिणारी एखादी मुलगी असेल तर बसून राहतात.

तिला नेट रनरेट शिकवून ठेवा, म्हणजे षटकामागे आपण केलेल्या धावांतून समोरच्यांनी केलेल्या वजा. १२ संघ, सहा-सहाचे दोन गट, प्रत्येकी पाच सामने, गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत. विजयाला २ गुण, वाहून गेलेल्या सामन्याला १. इतक्या लहान गटात गुण बरोबरीत येतातच, मग नेट रनरेट कामाला येतो.

समजा पहिल्या सामन्यात आपल्या २० षटकांत १६५, समोरचा संघ १६.२ षटकांत १२० वर सर्वबाद. सर्वबाद झालं की पूर्ण २० षटकं धरतात, १६.२ नाही. दुसऱ्यात त्यांच्या २० षटकांत १३०, आपण १५.४ षटकांत १३१. आता आपल्या धावा २९६; षटकं २० अधिक १५ पूर्णांक ४ भागिले ६, म्हणजे ३५.६६७. भागाकार ८.२९९. विरुद्ध २५० धावा ४० षटकांत, ६.२५. फरक +२.०४९. दोन चुका नेहमी होतात. १५.४ हा दशांश समजून भागतात, मग उत्तर २.११२ येतं. किंवा प्रत्येक सामन्याचा रनरेट काढून सरासरी करतात. सगळ्या धावा आणि सगळी षटकं आधी एकत्र करायची, मगच भागायचं.

पावसाने षटकं कमी झाली आणि डकवर्थ-लुईस या पावसाच्या नियमाने लक्ष्य बदललं, तर पहिल्या संघाच्या नावावर नव्या लक्ष्याहून एक कमी धाव आणि तेवढीच कमी केलेली षटकं धरतात. निकाल न लागलेला सामना आणि सुपर ओव्हर यात धरत नाहीत.

गटात पहिलं येण्याला किंमत का आहे तेही मुलींना सांगा. ५ मार्च २०२० ला सिडनीत भारत-इंग्लंड उपांत्य सामना एकही चेंडू न पडता वाहून गेला, राखीव दिवस नव्हता. भारत गटात अव्वल म्हणून अंतिम फेरीत गेला आणि इंग्लंड घरी.

खाडीकाठ

फार उपकार. प्रोजेक्टर रद्द. १४ जूनला एजबॅस्टनला पाकिस्तानशी सामना आहे, त्याच्या आधी १२ तारखेच्या पहिल्या सामन्यावर रंगीत तालीम घेतो. खर्च निघावा म्हणून माणशी वीस रुपये घ्यायचं चाललंय, ते बरं का? आणि रात्री ११ चा सामना आला तर?

फेज_न्यूट्रल

तिकीट लावू नका, प्रायोजकाचा बॅनरही नको. घरगुती कनेक्शन घरापुरतं असतं. पैसे घेऊन दाखवायचं तर हक्क असलेल्या वाहिनीची परवानगी लागते. मंडळाच्या वर्गणीतून करा.

ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद, फक्त बंदिस्त सभागृहाला सवलत. तुमचा मंडप तीन बाजूंनी उघडा, तो त्यात बसत नाही. ७ चा सामनाही साडेदहापर्यंत जातो, म्हणून १० ला बाहेरचे स्पीकर बंद करून टीव्हीचाच आवाज ठेवा. ११ चा सामना मंडपात नकोच, एखाद्याच्या माजघरात पंधरा-वीस जण बसा. जूनच्या अखेरीस लावणी सुरू झालेली असेल, पहाटे चिखलात उतरणाऱ्यांना झोप हवी.

मांजरपाट

परतीची वाटही आखून घ्या. पावसात फुरसं, हा विषारी साप, पाणंदीच्या चिऱ्यांत आणि पाचोळ्यात बसतं, अंधारात दिसत नाही. घराघरातून हातातली बॅटरी (टॉर्च) घेऊनच यायला सांगा, पाच-सहा घरांची टोळी करून सोडा, पुढच्याच्या पायात गमबूट. आणि निघताना चपला झटकून मगच घालायच्या, मंडपाच्या पायरीवर त्या तीन तास पडलेल्या असतात.