नवरात्रीच्या क्विझमध्ये एकच ताई रोज जिंकते, जेपर्डीसारखं लिमिट घालावं का?

देवगड_जेट्टी
मंडळी सल्ला हवाय, जरा लांबण आहे पण वाचा. आमच्या वाडीत नवरात्रीत रोज रात्री आरती झाली की मंडपातच क्विझ असतं. गेल्या वर्षी आम्ही पोरांनी टूम काढली की अमेरिकेतल्या त्या जेपर्डी नावाच्या टीव्ही क्विझसारखं करूया, म्हणजे आज जिंकेल तो उद्या परत बसणार, समोर दोन नवीन, आणि हरेपर्यंत तोच चॅम्पियन. युट्यूबवर क्लिपा बघून सगळेच पेटलेले. रोजचं ५०१ चं पाकीट आणि शेवटच्या रात्री जिंकेल त्याला मिक्सर.

तर दुसऱ्या रात्री मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर हिशेब लिहिणारी एक ताई बसली ती उठलीच नाही. दसऱ्याच्या आदल्या रात्रीपर्यंत तीच, मिक्सर पण तिच्याच घरी. आधी लोकांना मजा वाटली, मग नावं द्यायला कोणी पुढे येईना, तिच्यासमोर बसून हसं कशाला करून घ्या म्हणून, मग कुजबुज सुरू की प्रश्न काढणारे गुरुजी तिच्या माहेरच्या गावचे, सेटिंग आहे वगैरे. पण एक सांगतो, शेवटच्या रात्री हस्ताचा पाऊस कोसळत होता तरी ताडपत्रीखाली उभं राहायला जागा नव्हती, भजनाला पण एवढे येत नाहीत.

यंदाच्या मीटिंगमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो तिला बसवायचंच नाही. दुसरा म्हणतो कोणीही असो, तीन वेळा जिंकला की बास. जेपर्डीत पण आधी लिमिट होतं असं ऐकलंय, मग काढलं का? आणि काढल्यावर काय झालं? ज्यांनी तो शो नीट बघितलाय त्यांनी सांगा.

रत्नागिरीचाच_हापूस
देवगडवाल्यांनी सल्ला मागितला हेच मोठं 😄

असो. लिमिट होतं. सध्याचा जो शो आहे तो १९८४ पासूनचा, अॲलेक्स ट्रेबेक बरीच वर्षं होस्ट होता तो, आणि त्यात पाच दिवस जिंकलात की हार न खाता घरी पाठवायचे. पण नुसतं हाकलायचे नाहीत, अशा लोकांना नंतर चॅम्पियन लोकांच्या वेगळ्या स्पर्धेला बोलवायचे. २००३ मध्ये ते लिमिट काढलं आणि पुढच्याच वर्षी केन जेनिंग्ज नावाचा युटामधला एक सॉफ्टवेअरवाला आला, तो सलग ७४ गेम जिंकला. ७४! एकूण २५,२०,७०० डॉलर. त्याच्या काळात शो बघणारे वाढले, कमी नाही झाले, लोक रोज लावायचे ते हा आज तरी हरतो का बघायला. आणि आज तोच माणूस त्या शोचा होस्ट आहे.

एक फरक मात्र ध्यानात घे. तिकडे एका दिवसात पाच एपिसोड शूट होतात, चॅम्पियन मध्ये फक्त शर्ट बदलून येतो की दुसरा दिवस झाला. समोर बसणारे पण बाहेरगावचे, आधीच निवडून आणलेले, त्यांना माघार घ्यायचा प्रश्नच नसतो. तुमच्याकडे हरलेला माणूस सकाळी त्याच पंपावर डिझेलला जाणार आणि ती ताई पावती फाडताना हसणार. तुमची अडचण क्विझची नाही, वाडीची आहे.

मालवणी_खाजा
तिका कित्याक काढतास? तुमका येणा नाय ता तिचो काय दोष? पुरुष मंडळी जिंकली असती तर सेटिंग कोणी म्हटला असता काय ता पयला सांगा. तिका हरवूक कोणतरी तयार करा मगे, नायतर गप बसान बघा. लोक तिकाच बघूक येतत ह्या तूच लिवलंस मा वर?

आकडेमोड_कुडाळ
सेटिंगवाल्यांसाठी थोडं गणित, कारण हा आरोप मला बघवत नाही. तिघांचं ज्ञान अगदी सारखं असेल तर आठही रात्री ताईच जिंकायची शक्यता साडेसहा हजारांत एक, मग संशय ठीक होता. पण ताई समोरच्या दोघांपेक्षा बरीच पुढे असेल, समजा कुठलीही एक रात्र जिंकायची शक्यता ९० टक्के, तर सलग आठ रात्री जिंकायची शक्यता ४३ टक्के येते. म्हणजे जवळपास छापा-काटा. यात चमत्कार काही नाही. ७५ टक्के धरलं तरी दहात एक.

आता हेच जेनिंग्जला लावून बघा, ९० टक्केवाल्याला ७४ सलग जिंकायची शक्यता चोवीसशेत एक, म्हणजे तो ९० टक्केवाला नव्हताच. ९८ टक्के धरलं तर कुठे २२ टक्के येते. रोज दोन नवीन हुशार माणसं समोर आणि तरी ९८ टक्के! आणि हे नुसत्या ज्ञानाने होत नाही, समोरच्यांना पण बहुतेक उत्तरं येतच असतात तिथे. त्यामुळे लिमिट घालायच्या आधी बघा तुमच्या खेळात मागे पडलेल्या माणसाला उसळी मारायची जागा आहे का. वीस प्रश्न, प्रत्येकी दहा मार्क, चुकलं तर काही नाही, असं असेल तर जो हुशार तोच रोज जिंकणार, त्यात बघायचं काय?

गुहागर_किनारा
वरच्याला अनुमोदन. जेपर्डीतली खरी गंमत पैसे लावण्यात आहे आणि तीच लोक कॉपी करत नाहीत. चुकीचं उत्तर दिलं की त्या प्रश्नाचे पैसे कापतात, म्हणजे गप्प बसणं पण एक कला. मग डेली डबल, एका गेममध्ये तीन असतात, प्रश्नांच्या बोर्डवर लपवलेले, ज्याला सापडेल त्यानेच उत्तर द्यायचं आणि हवे तेवढे पैसे लावायचे. आणि शेवटी फायनल, आधी फक्त विषय सांगतात, प्रत्येकाने गुपचूप रक्कम लिहायची, मग प्रश्न.

जेनिंग्ज हरला तो कसा हरला ते मंडळाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखव. ३० नोव्हेंबर २००४ ला दाखवलेला एपिसोड. त्या दिवशी दुसऱ्या राउंडमधले दोन्ही डेली डबल त्याने चुकवले, तरी फायनलला तो १४,४०० वर आणि दुसऱ्या नंबरची बाई १०,००० वर. बाईने लावले ४,४०१. का? बरोबर आलं तर १४,४०१, त्याच्यापेक्षा एक डॉलर जास्त. त्याने लावले ५,६०१, कारण तिने सगळे लावून वीस हजार केले तरी आपण २०,००१ वर राहू. दोघांचा हिशेब चोख. प्रश्न होता की कुठल्या कंपनीच्या ७०,००० हंगामी कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण वर्षातले चारच महिने काम करतात. त्याने लिहिलं फेडेक्स, बहुतेक ख्रिसमसची पार्सलं डोक्यात असतील. तिने लिहिलं एच अँड आर ब्लॉक, ती लोकांचे टॅक्स भरून देणारी कंपनी. संपला गेम. फायनलच्या आधी दुसऱ्याच्या दुप्पटपेक्षा जास्त पैसे असले की नीट लावलं तर हरूच शकत नाही, आणि तो बहुतेक दिवशी तिथेच असायचा, त्या दिवशी नव्हता एवढंच.

मग २०१९ ला जेम्स होल्झहाउअर आला, लास वेगासचा, खेळांवर सट्टा लावणं हाच धंदा. तो बोर्डच्या तळापासून मोठ्या रकमेचे प्रश्न आधी उचलायचा, हातात पैसे जमवायचा आणि डेली डबल सापडला की बऱ्याचदा सगळे लावायचा. ३२ गेममध्ये २४,६२,२१६ डॉलर, म्हणजे गेममागे सरासरी ७६ हजारांच्या वर, जेनिंग्जची ३४ हजार. एका दिवसात १,३१,१२७ हा विक्रम पण त्याचाच. आणि तयारी कशाने केली तर लायब्ररीतली लहान मुलांची पुस्तकं वाचून, चित्रं आणि थोडक्यात माहिती. तुमच्या गुरुजींना सांग, बालभारतीची जुनी पुस्तकं वाटा पोरांना, पुढच्या वर्षी दोन तरी तगडे उभे राहतील.

चाकरमानी_डोंबिवली
एवढी अमेरिका कशाला, आपलं केबीसी काय वाईट आहे? २००० साली हर्षवर्धन नवाथे करोडपती झाला तेव्हा आमच्या चाळीत पेढे वाटले होते, ओळख ना पाळख. एक खेळला, जिंकला, गेला, विषय संपला, उद्या दुसरा. सगळ्यांना चान्स. रोज तोच चेहरा बघायला मालिका आहेत ना.

रत्नागिरीचाच_हापूस
@चाकरमानी अहो पण केबीसीत हॉटसीटवर समोर माणूसच नसतो, लढत प्रश्नाशी. मोठ्या प्रश्नांना वेळ घ्या, लाइफलाइन घ्या, नको वाटलं तर आहेत ते पैसे घेऊन उठा. जेपर्डीत तुमच्या शेजारी दोघं बटणावर अंगठा ठेवून उभे, लाइफलाइन नाही. म्हणून तिथे सलग जिंकण्याला किंमत आहे. केबीसीत कोणी सलग ७४ करू शकत नाही कारण तशी सोयच नाही.

आणि मोठ्यातला मोठा चॅम्पियन कशावर पडेल सांगता येत नाही. एमी श्नायडर, ४० गेम सलग, जेनिंग्जच्या खालोखाल. जानेवारी २०२२ ला फायनलला प्रश्न काय, तर इंग्रजी नाव एच अक्षराने संपणारा जगातला एकमेव देश, लोकसंख्येत पहिल्या दहात. तिला सुचलंच नाही. बांगलादेश! आपल्याकडे क्रिकेट बघणारं कुठलंही पोर ओरडून सांगेल. त्यामुळे ताईला काढायची गरज नाही, विषय फिरते ठेवा. तिचा इतिहास पक्का असेल तर एक रात्र सिनेमा, एक रात्र मासे आणि जाळी, एक रात्र दशावतार.

देवगड_जेट्टी
मासे आणि जाळी ठेवलं तर ती अजून दहा वर्षं जिंकेल, सोसायटीतच बसते ती 😂

बाकी पटलं सगळं. काल मीटिंगमध्ये ते १४,४०० आणि ४,४०१ फळ्यावर लिहून दाखवलं, गप्प झाले सगळे, मग प्रत्येक जण आपला आपला हिशेब मांडायला लागला, अकरा वाजले तरी उठेनात. ठरलं ते असं की चुकलं तर मार्क कापायचे, रोज एक लपवलेला डबल, आणि शेवटचा प्रश्न मार्क लावून. लिमिट तीन रात्रींचं, पण हाकलायचं नाही, जुन्या जेपर्डीसारखं नवव्या रात्री सगळ्या चॅम्पियनांना एकत्र बसवायचं, मिक्सर त्यातून. ताईला विचारायला दोघं गेले तर म्हणाली लिमिट घाला नाहीतर नका घालू, पण बटण नीट करा, गेल्या वर्षी माझं दोनदा वाजलंच नाही.

मालवणी_खाजा
तीन रात्रींचा लिमिट माका अजून पटूक नाय. पण नवव्या रातीक मी येतंय, गाडी घेवन.

आकडेमोड_कुडाळ
तीन रात्रींचं लिमिट म्हणजे नवव्या रात्रीपर्यंत निदान तीन चॅम्पियन मिळणारच तुम्हाला, हे बरं केलंत. फायनलला तिघंच बसवणार असाल आणि चॅम्पियन जास्त झाले तर कोणाला घ्यायचं ते आत्ताच लिहून ठेवा, त्या रात्री ठरवाल तर भांडण नक्की.

फोंडाघाट_वायरमन
बटणाचं मी सांगतो. घरच्या बेलची बटणं आणि एकच भोंगा असेल तर दोघांनी दाबल्यावर पहिला कोण ते कधीच कळणार नाही, भांडणाचं मूळ तिथेच. जेपर्डीत होस्टचा प्रश्न वाचून पूर्ण झाला की बोर्डच्या बाजूला लाइट लागतात, त्याच्या आधी बटण दाबलं तर पाव सेकंद तुमचं बटण बंद. रोज खेळणाऱ्या चॅम्पियनचा अंगठा त्या लाइटवर बसलेला असतो, नवीन माणूस घाई करून अडकतो, अर्धी मॅच तिथेच जाते. तुम्ही नवीन लोकांना आरतीच्या आधी अर्धा तास नुसतं बटण दाबायला द्या.

सर्किट अवघड नाही. आर्डुइनो (प्रोग्राम टाकता येतो तो छोटा सर्किट बोर्ड), तीन बटणं, तीन एलइडी, एक बझर, आणि गुरुजींच्या हातात चौथं बटण लाइट लावायला. तालुक्याला कुठल्या हायस्कूलमध्ये अटल लॅब (पोरांना असली उपकरणं बनवायला दिलेली सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर पोरंच करून देतील. फक्त वायर जाड घ्या आणि जोड टेपने गुंडाळून वर टांगा, मंडपात खाली ओल असते आणि लोक चपला घेऊन त्यावरूनच जातात. कोड हवा असेल तर मेसेज कर, देतो.